दुर्गीचा उत्तरार्ध

"प्रेमाकाकी परब इथेच असतात का?" मी दारातून विचारलं, आणि शेडमधल्या एकवीस बायकांचे हात एकदम थांबले.

कुडाळपासून सोळा किलोमीटरवर, माणगावच्या खोऱ्यातला तो काजूचा कारखाना. कारखाना म्हणायला मोठा. वर पत्रे, खाली कोबा आणि समोरासमोर दोन रांगांत बसलेल्या बायका, एवढाच त्याचा पसारा. प्रत्येकीपुढे एक छोटं यंत्र. हाताने बी लावायची, पायाने दट्ट्या दाबायचा, टक्‌ करून टरफल फुटतं. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून सगळ्यांचे हात राखेने माखलेले. ते पांढरे हात हवेत आणि सगळे डोळे माझ्यावर. मला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, बहुधा चपला बाहेर काढायच्या असाव्यात.

मग कोपऱ्यातली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "गो, ही दुर्गी बोलता."

मी उल्का राजवाडे, तेव्हा वय पंचेचाळीस, राहणार पुणे, धंदा आवाजाचा. आमच्या सोसायटीतला वॉचमनसुद्धा मला तोंडावरून ओळखत नाही, आणि इथे तीनशेवर किलोमीटर लांब मला एका प्रश्नावरून ओळखलं होतं. खोटं कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढलं. नऊ वर्षं झाली या गोष्टीला. त्यानंतर सत्कारबित्कारही झाले, पण तसं मांस पुन्हा चढलं नाही.

मी तिथे का गेले ते सांगायला हवं. आमचे सबनीस जुन्या, कोणी हात न लावणाऱ्या मराठी कादंबऱ्या शोधून काढायचे, माझ्यासारख्यांकडून वाचून घ्यायचे आणि मोबाइलवर ऐकायला ठेवायचे. त्यांनी मला 'दुर्गीची सात वर्षे' दिली होती. शंभर वर्षांपूर्वी एका हेडमास्तरांनी लिहिलेली, दोन खंडांची. पूर्वार्धाचे बारा भाग मी वाचले, ते तीन महिन्यांपूर्वी लोकांपुढे गेले. उत्तरार्धाचे बारा वाचायचे होते. त्याच सुमारास सबनिसांनी मला खोलीत बोलावून संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. पहिला भाग तीनशे जणांनी लावला होता, दुसरा चाळीस जणांनी, आणि चौथ्यानंतर उरला होता एकच माणूस. तोही विचित्र. रोज दुपारी दोन भाग ऐकायचा, शनिवारी बारावा संपवायचा, आणि बारावा संपला की तिथल्या तिथे पुन्हा पहिला. सोमवारपासून परत तेच. अशी अकरा आवर्तनं झाली होती.

सबनीस म्हणाले, "एक तर फोन बिघडलाय, नाहीतर माणूस." मग चष्मा पुसत त्यांनी उत्तरार्ध रद्द केल्याचं सांगितलं. एका माणसासाठी बारा भाग कोण करतो?

मला फार लागलं ते. पुस्तक जुनं आहे, लोकांना वेळ नाही, वगैरे त्यांनी समजूत काढली, पण तीनशेतले दोनशेनव्याण्णव लोक माझ्या आवाजाला कंटाळून उठून गेले होते, हे का मला कळत नव्हतं? तेव्हा उरलेला तो एक म्हणजे बुडत्याला काडीचा आधार. त्याचा नंबर मी सबनिसांकडून मागून घेतला. फोन लावला तर एक म्हातारी बाई म्हणाली की आता बी फोडतंय, मागीर करा. मागून केला तेव्हा कारखान्याचं नाव मिळालं. कुडाळला रविवारी मामेभावाची वास्तुशांत होती, ती निघण्याचं निमित्त झाली. शुक्रवारी दुपारीच मी शेडच्या दारात हजर.

प्रेमाकाकी म्हणजे तिथल्या मुकादम. साठीच्या, काटक, नाकात मोरणी, आवाज असा की दट्ट्यांच्या वरून सरळ पलीकडे जावा. त्यांनी मला एका गोणीवर बसवलं आणि सगळ्या बायकांना हातानेच कामाला लागा म्हणून सांगितलं. फोन त्यांचा होता, मुंबईच्या मुलाने घेऊन दिलेला, त्यात गोष्टीही त्यानेच घालून दिलेल्या. फोन एका स्टीलच्या टोपात उभा करून ठेवला होता, म्हणजे आवाज घुमून दोन्ही रांगांना पोचतो. टोपापुढे जास्वंदीचं फूल वाहिलेलं.

फूल बघून मला हसू आलं. मी समजावायला गेले की काकी, ही कादंबरी आहे, पोथी नव्हे.

"असांदे," काकी म्हणाल्या. "पोथयेत तरी काय असता? माणसांच्याच गजाली."

आणि मग त्यांनी मला जे सांगितलं त्याने सबनिसांचं कोडं सुटलं. पोथी एकदा लावली की अर्धी सोडायची नाही, आणि दिवसाचं वाचन मरणावर थांबवायचं नाही. कोणी मेलं, कोणाचा वध झाला, तर पुढचं काही चांगलं येईपर्यंत वाचत राहायचं, मगच पोथी गुंडाळायची. त्यांच्या घरी श्रावणात असंच चालत आलेलं. आता आमचा पूर्वार्ध संपतो तो दुर्गीच्या तान्ह्या मुलीच्या मरणाच्या सुतकात. पुढचा भाग फोनमध्ये नाही. मग चांगलं कुठून आणायचं? काकींनी तोड काढली. बाराव्यावरून सरळ पहिल्यावर जायचं, कारण पहिल्यात दुर्गीचा जन्म आहे, बारसं आहे, सुंठवडा वाटलाय. त्यावर थांबायचं. आणि पोथी अर्धी सोडायची नाही म्हणून, पुढचं येईपर्यंत सोमवारी पुन्हा सुरुवात. एका फोनवर एकवीस बायका अकरा आठवडे माझी वाट बघत होत्या आणि आम्ही पुण्यात बसून फोन बिघडला म्हणत होतो.

पुढचं कधी येणार, असं त्यांनी विचारलं. येणार नाही, हे सांगायला माझी जीभ रेटेना. उत्तरार्धाचं पुस्तक पिशवीत होतं. जुनं, पिवळं पडलेलं, सबनिसांना परत द्यायचं राहून गेलेलं. मी म्हटलं, मी समोर बसून वाचते, आज आणि उद्या. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एक मुलगी तेवढी हसली नाही.

ती दुसऱ्या रांगेत टोकाला बसली होती. चोवीस-पंचवीसची, सावळी, मान खाली घालून काम करणारी. तिच्या यंत्राचा टक्‌ इतरांपेक्षा जलद पडायचा. काकी तिच्याकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या की चला, आधी चहा.

चहा शेडच्या मागे, फणसाखाली. तिथे काकींनी मला खरी गोष्ट सांगितली. मुलीचं नाव रेश्मा, काकींच्या सख्ख्या भावाची मुलगी. दोन वर्षांमागे लग्न झालं, सासर बांद्याकडे. नवरा गोव्यात हॉटेलात, महिन्यातून दोनदा घरी. सासू-नणंदेने कधी बोट लावलं नाही. फक्त तिच्याशी बोलायच्या नाहीत. जेवण वाढायचं तर ताट पुढे सरकवायचं, काम सांगायचं तर हवेत सांगायचं. चौथा महिना असताना ताप चढला आणि गर्भ गेला, तेव्हापासून ती माहेरी होती. आठ महिने. आता सासरचे न्यायला येणार होते, रविवारी, चार जाणती माणसं घेऊन. भाऊ-भावजय म्हणत होते जा. भावकी म्हणत होती जा. काकीही म्हणत होत्या.

"आणि ती?" मी विचारलं.

काकी जरा ओशाळल्या. म्हणाल्या, हसू नका. तिला विचारलं की तिचं एकच उत्तर असायचं, दुर्गी गाडीत बसते का बघू. आधी सगळ्यांना थट्टा वाटली. मग थट्टा वाटेनाशी झाली. कारण त्या बारा भागांत दुर्गीशीही कोणी बोलत नाही. नदीकाठच्या मोठ्या घरात अकराव्या वर्षी आलेली दुर्गी, तिला मारत कोणी नाही, पण 'अगं' यापलीकडे कोणी हाकही मारत नाही. ती भावाकडे येते, तिची तान्ही मुलगी तापाने जाते, आणि दहाव्या दिवशी सासरची बैलगाडी दारात उभी राहते. पूर्वार्ध तिथे संपतो. गाडीत ती बसते की नाही, ते माझ्या पिशवीत होतं.

काकींनी चहाची कपबशी खाली ठेवली. "दुर्गी परत जाता मा?"

"जाते," मी म्हटलं.

"बरा झाला. नसती गेली, तरी गेली म्हणान वाच, असा सांगणार होतंय तुका." मग अगदी सरळपणे त्या म्हणाल्या, "माझो भाव आता थकलो. त्याच्यामागे तिका कोण बघतला?"

वाईट बाई नव्हती ती. भाचीवर जीव होता तिचा. गेल्यावर दुर्गीचं पुढे काय होतं, हे काकींनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

खरं म्हणजे तो शेवट मला कधीच आवडला नव्हता. हेडमास्तरांनी दुर्गीला परत पाठवली, सात वर्षं सोसायला लावली आणि शेवटी तिची आरती ओवाळली. चहा संपेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. पुस्तक एकच, तेही माझ्या हातात. या बायकांपैकी कोणी ते बघितलेलं नाही. दुर्गी गाडीत बसणार नाही. काकींना मी आत्ताच दुर्गी जाते म्हणून सांगून बसले होते, पण त्यांना मागून काय ते समजावता आलं असतं. शंभर वर्षांपूर्वीच्या एका हेडमास्तरासाठी मी एका जिवंत मुलीला त्या घरात ढकलणार नव्हते. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं त्या वेळी.

गोणीवर बसून मी उत्तरार्ध उघडला. काकींनी टोपातला फोन काढून कमरेला खोचला आणि जास्वंद उचलून पुस्तकाशेजारी ठेवली. मी वाचायला लागले आणि चार ओळींतच माझ्या लक्षात आलं की दट्टे माझ्या स्वल्पविरामांवर पडताहेत. अकरा आठवड्यांत त्यांचे पाय माझा श्वास शिकले होते. मी थांबले की सगळीकडे टक्‌, मी सुरू झाले की शांत. असं वाचायचं सुख मला कुठल्या स्टुडिओत मिळालं नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

"'गाडीवानाने बैल सोडून त्यांच्यापुढे वैरण टाकिली. दुर्गी उंबऱ्याशी उभी राहून ती वैरण पाहात होती. ती सरेपर्यंत आपणांस अवकाश आहे, एवढेच तिच्या मनात आले. भाऊ ओसरीवर पाने चाळीत बसला होता. तो मान वर करीना.'"

इथे पुढचं वाक्य होतं, 'वैरण सरली, आणि दुर्गी बोचके घेऊन गाडीत बसली.' मी डोळे पानावरच ठेवले आणि माझं वाक्य सुरू केलं. आवाज तोच, ठेका तोच, भाषाही हेडमास्तरांचीच घेतली होती. "वैरण सरली. परंतु दुर्गी जागची हालली नाही. ती गाडीवानास म्हणाली, 'जा तू माघारा. मी येत नाही. माझे आयुष्य माझे आहे.'"

एकही दट्ट्या पडला नाही.

मी वर बघितलं. बायका गोंधळलेल्या दिसत होत्या, जेवताना खडा लागावा तशा. काकी माझ्याकडे रोखून बघत होत्या. पण बोलली ती रेश्मा. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला मी.

"ह्या लिवलेला नाय," ती म्हणाली. "ह्या तुमी सांगतास."

मी अवसान आणून विचारलं की असं कशावरून. तिने हातातली बी खाली ठेवली. उद्धटपणा नव्हता तिच्यात. जे दिसतं ते सांगावं तशी ती बोलत होती.

"बारा भागांत दुर्गी एकदाव 'माझा' म्हणूक नाय. तान्हा चेडू गेला तेव्हाव नाय. आता गाडीवानाक कशी सांगात?" मग खालच्या आवाजात, "माका बरा वाटाचा म्हणान सांगू नकात. आसा ता वाचा."

तीस वर्षं मी जुनं साहित्य वाचतेय, चार लोकांत त्यावर बोलतेही. दुर्गी पूर्वार्धात एकदाही कशाला माझं म्हणत नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी ते बारा भाग तोंडाने वाचले होते. या मुलीने ते ऐकले होते. मी बोट मागे नेलं आणि छापलेलं वाक्य वाचलं. वैरण सरली, आणि दुर्गी बोचके घेऊन गाडीत बसली.

टक्‌ टक्‌ टक्‌, दोन्ही रांगा पुन्हा सुरू झाल्या. रेश्माने बी उचलून यंत्राला लावली. काकींनी पदराने तोंड पुसलं. त्यांचं काम झालं होतं, पण चेहरा काही तसा दिसत नव्हता.

संध्याकाळपर्यंत चार भाग झाले. शेवटचा कुठल्याशा हळदीकुंकवावर येऊन ठेपला, म्हणजे थांबायला हरकत नव्हती. मुक्काम काकींकडेच केला. रेश्मा भाकऱ्या थापायला आली होती. भाकरी वाढताना तिने मला एवढंच विचारलं की हे लिहिणारे मास्तर, त्यांची बायको होती का. मी म्हटलं असावी, मला ठाऊक नाही. ती म्हणाली, असणार, नाहीतर वैरणीचं त्यांना कळलं नसतं.

शनिवारी सकाळी आठलाच बसलो. उरलेले आठ भाग. पुढच्या आयुष्यात मी तो उत्तरार्ध कधी ध्वनिमुद्रित केला नाही. सबनिसांचं दुकानच पुढे बंद झालं. माझ्या आवाजातली दुर्गीची शेवटची सात वर्षं जगात फक्त त्या एकवीस जणींनी ऐकली आहेत. मी चांगलं वाचलं त्या दिवशी. निदान शेवटापर्यंत तरी.

हेडमास्तर काही साधे लेखक नव्हते. सासू दुष्ट दाखवून मोकळे झाले असते तर सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. दुर्गी परत गेल्यावर सगळे तिच्याशी बरे वागतात, चार दिवस. मग हळूहळू, कोणी न ठरवता, घर पुन्हा गप्प होतं. ते एक-एक वर्ष वाचताना शेडमध्ये दट्टे मंदावत गेले. एकीने डोळे टिपायला हात वर नेला आणि राखेचं लक्षात येऊन दंडानेच डोळे पुसले. दोघी-तिघी आपसांत काहीतरी बोलल्या, सासूच्या नावाने असावं. रेश्मा मात्र एका लयीत काम करत राहिली. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

चारच्या सुमारास शेवटच्या भागाचं शेवटचं पान आलं. सातव्या वर्षी दुर्गी तापाने पडते. घरातले सगळे माजघरात निजलेले असतात. इथलं एक वाक्य मला तोंडपाठ होतं, कारण ते अतिशय सुंदर आहे असं माझं मत होतं. पुण्यात मी त्याची तालीमसुद्धा करून ठेवली होती, कुठे आवाज ओला करायचा, कुठे किंचित थांबायचं.

"'तिने एकवार पाण्यासाठी हाक मारिली. कोणी ऐकिली नाही. दुसऱ्यांदा हाक मारून कोणाची झोप मोडावी, असे तिच्या मनातदेखील आले नाही.'"

आवाज ओला करायचा राहून गेला. त्या शेडमध्ये, त्या मुलीसमोर, ते वाक्य मला सुंदर वाटेना. मी ते बातम्या सांगाव्यात तसं वाचलं आणि पुढचा परिच्छेदही तसाच वाचून काढला. सकाळी दुर्गी गेलेली असते. सासू हंबरडा फोडते, सून नव्हे सोनं होतं माझं म्हणते. आणि मास्तर लिहितात, 'धन्य ती दुर्गी! सात वर्षांत तिने कोणास उलट उत्तर केले नाही.' समाप्त.

मी पुस्तक मिटलं. पत्र्यावर कावळा चालत होता तेवढाच आवाज.

काकींनाच आधी भान आलं. पोथी मरणावर संपली होती. त्या घाईघाईने कमरेचा फोन काढायला लागल्या. म्हणाल्या, पहिला भाग लावू, बारसं लावू, असं थांबायला नको. बोटांना राख, फोनला ती बोटं कळेनात. फोन उघडेच ना.

"र्‍हवांदे, आत्ये," रेश्मा म्हणाली. ती उभी राहिली होती. "मी जावचंय नाय उद्या."

काकींचा हात थांबला. त्या भाचीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, जणू मीच काहीतरी केलं होतं. "अगो, पण दुर्गी गेली," त्या म्हणाल्या. "तूच म्हणालंस, दुर्गी काय करता ता बघतंय. ती गेली मा?"

"गेली. आणि फुडे काय झाला ता तूव आयकलंस."

"ती गजाल शंभर वर्सांमागची."

"होय." रेश्माने हातांची राख झटकली. तिला ते बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं. एकवीस बायकांसमोर तर नाहीच. पण आता ती बोलणार होती. "दुर्गीन एकदाच हाक मारली. मी तीन येळा मारलंय. माजघरात दिवो होतो, टीव्ही चालू होतो, दोघीव जाग्या होत्या. टीव्हीचो आवाज वाढवलो त्यांनी. सकाळी माझा सगळा संपलेला."

मला काकींच्या चेहऱ्याकडे बघवेना, तरी बघितलं. ताप आला, गर्भ गेला, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आठ महिने भाची समोर भाकऱ्या थापत होती आणि तेवढंच ठाऊक होतं.

"ह्या माका कधी सांगलंस नाय," काकी म्हणाल्या.

"सगळी म्हणा होती, जा. इचारूक कोणी नाय." रेश्माच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "आणि माका वाटला, असताच तसा. तापात माणूस कायव आयकता, माकाच भास झालो असात. आता ह्येनी वाचला तेव्हा कळला. पुस्तकात लिवलेला आसा म्हणजे होता तसा. भास नाय तो."

काकी सावकाश उठल्या. दाराजवळच्या बादलीपर्यंत गेल्या आणि हात धुवायला लागल्या. काजूचं तेल आणि राख सहजी निघत नाही. कोपरापर्यंत घासघासून त्यांनी ते काढलं. सगळ्या जणी थांबून बघत होत्या. मग पदराला हात पुसत त्या रेश्मापाशी आल्या आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"उद्या तू भायर येव नको," त्या म्हणाल्या. "उद्या मी बोलतलंय."